एकदाच सांगायचं

माझ्या कार्यशाळेत प्रत्येक वाक्य तीनदा यायचं. आधी तेलुगूत, मग हिंदीत, आणि मागच्या बाकांवर इंग्रजी शाळांतल्या शिक्षिका असल्या तर त्यांच्यासाठी इंग्रजीतही. ‘आता पाच-पाच जणांचे गट करा’ एवढं सांगायला मला मिनिटभर लागायचं. तेवढ्यात पहिल्या भाषेवाल्यांचे गट होऊन त्यांच्या गप्पाही रंगलेल्या असायच्या. मग त्यांना गप्प करायला पुन्हा तीन भाषा. पंधरा वर्षं मी हैदराबादच्या शाळाशाळांतून शिक्षकांच्या कार्यशाळा घेतेय. मुलांचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं, हा माझा विषय.

तीन भाषांचा मला गर्व होता, हे कबूल करते. लहानपण इथल्याच गौलीगुड्यात गेलं. घरी मराठी, गल्लीत दखनी, आणि शाळेत एका वर्षी सगळं तेलुगूतून शिकवणाऱ्या बाई आल्या. ते वर्ष मी खिडकीबाहेर बघत काढलं. वर्ग हसला की मीही हसायचे, कशाला हसले ते न कळता. माझ्यासमोर कुणावर अशी खोटं हसायची वेळ येऊ नये, हे मी पुढे पक्कं ठरवून टाकलं. ठरवलं ते चांगलंच होतं, पण चांगल्या गोष्टीचा अतिरेक करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की चौघीजणी खुर्च्या ओढून भोवती बसायच्या. कुणाचा हेडमास्तर, कुणाची सासू. मी घास हातात धरून उत्तरं द्यायचे, तीही जिच्या तिच्या भाषेत. निघताना फळ्यावर माझा नंबर लिहायचे आणि म्हणायचे, कधीही फोन करा. लोकांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही.

घरी चिक्कडपल्लीत मी आणि माझे वडील. नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो, महिन्यातून एकदा येतो. त्याचा आवाज इतका खालचा की मलाही दोनदा ‘काय?’ करावं लागतं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. ऐंशी ओलांडलीय आणि कान फार कमी झालेत. कानाचं मशीन आणलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात पडलंय. त्यांना नीट ऐकू यायचं ते फक्त माझं. ‘तुझा आवाज खणखणीत, बाई, थेट आत जातो,’ असं म्हणायचे. संध्याकाळी पेपर घेऊन माझी वाट बघत बसायचे. सकाळपासून साठवलेलं सगळं मला सांगायचं आणि माझ्याकडून दिवसभराचं ऐकायचं, हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध.

आणि गेली दोन वर्षं मी घरी यायचे ती रिकामी होऊन. तीन भाषा दिवसभरात सगळा आवाज खाऊन टाकायच्या, मराठीच्या वाट्याला काही उरायचं नाही. बाबा काही विचारायचे, मी बारीक आवाजात पुटपुटायचे, ते ‘आं?’ करायचे, मी हात हलवून ‘काही नाही, उद्या सांगते’ म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. त्याचं मला बरंच वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग एका दुपारी, हिंदीतलं वाक्य चालू असताना, आवाज गेला. तोंड हलत होतं आणि नुसती हवा बाहेर येत होती. कुणी गरम पाणी आणलं, कुणी लवंग दिली. संध्याकाळी नामपल्लीला घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कॅमेरा घालून बघितलं. दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. गाठी साध्याच होत्या, पण असंच चालू राहिलं तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज पहिल्यासारखा होईलच याचा भरवसा नाही. ‘तीन हफ्ते बिल्कुल चुप. फुसफुसाना भी नक्को,’ त्या म्हणाल्या. मग विचारलं, काम काय करता? मी कागदावर लिहून दिलं. वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘बोल बोल के सुनना सिखाते तुम?’

रिक्षात बसल्यावर भीती वाटली. कामाची वाटलीच, पण खरी भीती वेगळी होती. हा आवाज गेला तर बाबांशी बोलणार कोण?

घरी येऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘बाबा, माझ्या घशात गाठी आहेत. डॉक्टरांनी तीन आठवडे बोलू नको म्हणून सांगितलंय.’ त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली आणि ‘बरं बाई’ म्हणाले. दुखतं का, कधीपासून, काही नाही. मला जरा लागलं ते. पुढचे दिवस आमचा संसार चिठ्ठ्यांवर चालला. चहा झालाय. औषध घ्या. भाजी कोणती करू?

ठरलेल्या कार्यशाळा मी रद्द केल्या. एका आयोजक बाईंचा मेसेज आला, ‘मॅडम, माईक देतो ना.’ मी ‘नाही’ असं लिहून पाठवलं. कारण नाही, माफी नाही, हात जोडलेलं चित्रसुद्धा नाही. पाठवल्यावर फोन उशीखाली ठेवला आणि पाच मिनिटांनी काढून बघितला. ‘ओके मॅडम, टेक केअर.’ इतकंच होतं ते. एवढं एक ‘नाही’ म्हणायला मला पंधरा वर्षं लागली होती. हेडमास्तरांच्या जाचाबद्दल रोज फोन करणारी एक शिक्षिका होती. मी फोन उचलेना, तेव्हा चौथ्या दिवशी तिने कळवलं की ती स्वतःच त्यांच्याशी जाऊन बोलली. आनंद झाला, आणि थोडं टोचलंही.

तीन आठवड्यांनी गाठी बऱ्याच उतरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बोलायची परवानगी दिली, पण बेतानं. मी आठवड्याला दोनच कार्यशाळा घ्यायचं ठरवलं. फोन सहापर्यंत. जेवण एकटीनं, दार लावून. आणि प्रत्येक गोष्ट एकदाच सांगायची, एकाच भाषेत. हेच मला सगळ्यांत जड जाणार होतं.

पहिली कार्यशाळा दुसऱ्याच दिवशी, घराजवळच्याच शाळेत होती. आवाज राखायला तोवर घरी चिठ्ठ्याच चालू ठेवल्या होत्या. ‘पाच-पाच जणांचे गट करा,’ मी तेलुगूत सांगितलं आणि थांबले. खिडकीपाशी उर्दू शाळेतल्या दोघी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. हिंदी अगदी ओठांवर आली होती, मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. तेवढ्यात शेजारची तेलुगू शिक्षिका त्यांच्याकडे वळली. ‘पाँच पाँच लोगां बैठना बोल रे मॅडम. आओ, हमारे में आओ.’ खुर्च्या सरकल्या आणि त्या दोघी तिच्या गटात जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत खोलीत नुसता कालवा. मी एक वाक्य बोलायचे आणि तेच त्या एकमेकींना सांगताना त्यात स्वतःच्या वर्गातली उदाहरणं घालायच्या, मला कधी सुचली नसती अशी. खिडकीजवळच्या दोघींतली एक तर हातवारे करून अख्ख्या गटाला काहीतरी पटवत होती. कुणीही एकटं पडू नये म्हणून मी इतकी वर्षं घसा फोडला, आणि तीस माणसं शेजारी शेजारी बसून फक्त माझ्याशी बोलत राहिली, हे तेव्हा लक्षात आलं. ‘मॅडम, तुम बैठो ना, हम हैं,’ कुणीतरी म्हणालं. मी बसले. भर कार्यशाळेत खुर्चीवर बसायची ही माझी पहिलीच वेळ. सुट्टीत दार लावून डबा खाल्ला. भेंडीत मीठ कमी होतं, आणि हे कळलं याचंही मला कौतुक वाटलं.

पाचच्या सुमारास घरी पोचले. बाबा गॅलरीत पाठमोरे बसले होते. चपला काढता काढता मी दारातूनच, काही विचार न करता, पहिल्यासारखं विचारलं, ‘बाबा, चहा टाकू का?’

ते दचकून वळले. ‘काय म्हणालीस?’

‘चहा. चहा टाकू का?’

‘ते ऐकू आलं,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, माझे कान पार गेले. दोन वर्षं झाली, तुझंसुद्धा ऐकू येईना. कुणाला काय सांगायचं? मग तू चिठ्ठ्या लिहायला लागलीस. म्हटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला पोरगी घशाचं निमित्त सांगतेय.’

मी तिथेच उंबऱ्यात बसले. माझ्या गेलेल्या आवाजाचा दोष हा माणूस दोन वर्षं स्वतःकडे घेऊन गप्प बसला होता, आणि त्यांनी विचारणं सोडलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. माफी मागावीशी वाटली, पण त्यांना माफी नको होती. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता की जणू एखादं दुखणं एका क्षणात बरं झालं होतं.

त्यांनी पेपर बाजूला ठेवला, खुर्ची फरशीवरून ओढत माझ्यापर्यंत आणली आणि म्हणाले, ‘हं. चहा राहू दे. बोल आता.’