नाना पाठच काढायचे

५ जुलै, शनिवार. दुकानात नानांच्या श्रद्धांजली सभेचं कार्ड कंपोज करायला घेतलं. उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये माझं झेरॉक्स आणि कंपोजिंगचं दुकान आहे, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. मजकूर भैयाजींच्या ऑफिसातून व्हॉट्सॲपवर आला होता. नानांचा फोटो, वेळ, हॉलचं नाव, खाली निमंत्रक म्हणून भैयाजी, आणि मधोमध एक ओळ : ‘जिन्होंने अपने चित्रों से कभी किसी का दिल नहीं दुखाया’. बाकी सगळं दहा मिनिटांत बसलं. त्या ओळीपाशी मात्र मी दुपारभर अडून राहिले.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. चाळीस वर्षं इथल्या एका हिंदी सांध्य दैनिकात ते रोज एक व्यंगचित्र काढत. महिन्याभरापूर्वी गेले. काकूचा फोन आला तेव्हा मी मशीनचं टोनर बदलत होते. “हे उठत नाहीयेत गं,” एवढंच ती म्हणाली. तशाच काळ्या हातांनी स्कूटर काढली, पण पोचून काही करण्यासारखं उरलं नव्हतं. झोपेत गेले. वय एक्याऐंशी, अंगाला नळ्या नाहीत, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. तक्रार करायला जागा नाही, असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणाले.

नानांची एक पद्धत होती. ज्याच्यावर चित्र असेल त्याचा चेहरा ते काढत नसत, पाठ काढत. सुरुवातीला चेहरे काढले होते, पण मग ज्यांची खिल्ली उडवली तेच लोक मिठाई घेऊन यायचे आणि मूळ चित्र मागायचे, बैठकीत लावायला. नाना वैतागले. म्हणाले, माणसाला आपला चेहरा कसाही छापलेला चालतो, तो फोटो आल्यासारखा खूश होतो. पाठ मात्र सगळ्यांना ओळखू येते, ज्याची त्याला सोडून. मग ते सभेला जायचे ते व्यासपीठाच्या मागे जाऊन बसायला. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणी भाषण करताना मागे हाताची बोटं मोडतो, कुणाची चप्पल टाचेला झिजलेली. संध्याकाळी पेपर आला की देवास गेटच्या चहावाल्यापासून आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांपर्यंत सगळे बरोबर नाव सांगत. खाली नाव कधीच नसे. लहानपणी मी विचारलं होतं, नाना, लोकांना वाईट नाही का वाटत? ते ब्रश धूत होते. “वाटायलाच पाहिजे,” म्हणाले. “दुखलं नाही तर ते चित्र कसलं, रांगोळी झाली.”

भैयाजी आमच्या भागाचे नेते. पक्ष सांगत नाही, तो दोनदा बदललाय. त्यांच्या मानेवर दोन जाड वळ्या आणि कॉलरमध्ये खोचलेला पांढरा रुमाल. एकदा राम घाटावर श्रमदानाचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी नानांचं चित्र आलं : एक नेता हातात झाडू धरून फोटोवाल्यांकडे तोंड करून उभा आहे, आपल्याला दिसते ती त्याची पाठ, आणि सगळा कचरा, निर्माल्य, फुटके दिवे त्याच्या टाचांमागे सारून ठेवलेले. मानेवर दोन वळ्या, कॉलरमध्ये रुमाल. उज्जैनभर हशा झाला. सगळ्यात जास्त हसले भैयाजी. त्या श्रमदानाला त्यांचा प्रतिस्पर्धीही होता, हे चित्र त्याचंच आहे अशी त्यांची खात्री. त्यांनी नानांना फोन करून शाबासकी दिली, मूळ चित्र मागवून घेतलं, फ्रेम करून ऑफिसात लावलं. तीन वर्षं ते आल्यागेल्याला चित्र दाखवत होते. येणारे चित्र बघत, मग भैयाजी चहा सांगायला वळले की त्यांची मान बघत, आणि कुणी काही बोलत नसे. नाना एवढे सुखी मी कधी पाहिले नव्हते.

मग कुणीतरी सांगितलं. भैयाजी ओरडले नाहीत, माणसं पाठवली नाहीत. फ्रेम उतरली, एवढंच. पुढच्या आठवड्यात माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर नोटीस आली, पायऱ्या नालीवर आहेत म्हणून. आहेतच. त्या अख्ख्या ओळीत सगळ्यांच्या आहेत. पायऱ्या गेल्या की दुकानात चढायला जागाच राहत नाही. यजमान तेव्हा अंथरुणाला खिळलेले, दोन्ही मुली शिकत होत्या. भैयाजींचे पीए, दुबेजी, झेरॉक्स काढायला म्हणून आले आणि फार गोडीने म्हणाले, “दीदी, नाना साहब से बस दो लाइन लिखवा दीजिए. भैयाजी का मन बहुत बड़ा है.”

माफीनामा मी लिहिला. इथेच, याच कॉम्प्युटरवर. ‘मेरा उद्देश्य किसी का दिल दुखाना नहीं था’. नानांकडे घेऊन गेले, पायऱ्यांचं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. “उद्देश नव्हता?” त्यांनी विचारलं. “मग काय होता?” मी म्हटलं, नाना, आत्ता सही करा, नंतर बोलू. त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी पेपरात चित्राच्या जागी ती ओळ छापून आली. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. आणि आमचं ते नंतरचं बोलणंही झालं नाही... मी दर रविवारी जात होते, पोहे खात होते, त्यांच्या औषधांची पट्टी बघत होते. विषय मीही काढला नाही.

त्यानंतर नाना समोरून चेहरे काढू लागले. हसरे, टापटीप. डास, कांदा, परीक्षेचं टेन्शन. संपादक खूश होते. भैयाजींच्या वाढदिवसाला त्यांनी भैयाजींचं हसरं चित्र काढून दिलं, त्याचं होर्डिंग देवास गेटला लागलं. मी ते बसमधून पाहिलं. चांगलं काढलं होतं, त्यांना वाईट काढताच येत नसे. लोक मला सांगत, तुमचे नाना किती सज्जन, कधी कुणाला दुखावलं नाही. मी ‘हो’ म्हणत असे. एका माफीनाम्यातली ओळ त्यांच्या अंगाला अशी चिकटली, की आधीची तीस-पस्तीस वर्षं कुणाला आठवेनाशी झाली. ती ओळ माझी होती. आता ती कार्डावर परत आली होती, जरा वाढून : ‘कभी’ नवीन होतं.

संध्याकाळी मी दुबेजींना फोन लावला. म्हटलं, ती एक ओळ काढू या का, कार्ड भरगच्च दिसतंय. ते म्हणाले, भैयाजींनी स्वतः सुचवली आहे. मी म्हटलं, नानांना ती आवडली नसती. मग अगदी प्रामाणिकपणे त्यांनी विचारलं, “दीदी, इसमें बुरा क्या है?”

नाना लोकांना दुखवत होते आणि ते त्यांचं चांगलं काम होतं, हे फोनवर दुबेजींना कसं सांगायचं? आणि सांगितलं असतं तरी, पायऱ्या अजून नालीवरच आहेत. “ठीक आहे,” म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही सकाळी दुकान उघडलं आणि कार्डं छापली. ओळ होती तशीच. पहिलं कार्ड काकूला द्यायला गेले. ती ओट्याशी भाजी निवडत होती. हात पुसून तिने कार्ड घेतलं, फोटोवरून बोट फिरवलं, मग हिंदी अक्षर न् अक्षर लावत ती मधली ओळ वाचली. दोनदा वाचली.

“मग इतकी वर्षं बसून काय केलं यांनी?” तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, काकू, भाजी राहू दे, मी येऊन निवडते. उरलेली कार्डं पिशवीत भरली आणि वाटायला निघाले.