सरायीतले परवाचे पाहुणे

यांची जयपूरला विम्याच्या ऑफिसात बदली झाली, तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला विदुषी समजत होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या स्मरणिकेत दरवर्षी माझी पाककृती असे. एका वर्षी मात्र या विदुषीला इतिहास सुचला!

कारखान्यांच्या वस्तीत एक जुनी सराय होती, कुणा शेठनं वाटसरूंसाठी बांधलेली. आता तिच्या खोल्यांत कापडरंगाईचे मजूर संसार थाटून होते. कडक इस्त्रीची साडी, डोळ्यांवर गॉगल, अशा थाटात मी जाऊन विचारलं, "आप यहाँ कब से हैं?"

"परसों आए, बहनजी."

शेजारच्या खोलीतही तेच. पुढे एक म्हातारी, चुलीमागची भिंत धुरानं काळी ठिक्कर. तीही परवाच आलेली! आठवडाभर दुपारी खेटे घातले, सगळे आपले परवाच आलेले. माझं डोकंच फिरलं.

"अगं, तुला सर्व्हेवाली समजत असतील," हे म्हणाले.

"मी काय तशी दिसते?" दिसतच होते म्हणा.

एका सकाळी पाहते तो सगळ्यांच्या खाटा-भांडी गल्लीत. "किसने निकाला इनको?" मी गरजले. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हातारीनं मग सांगितलं. सरायीत मुसाफिरानं तीनच रात्री राहायचं, असा शेठचा नियम. म्हणून दर तिसऱ्या सकाळी सामान बाहेर काढायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा आत यायचं. तिच्या सासूपासूनचा हा रिवाज. या पत्त्यावर रेशनकार्डसुद्धा कुणी काढलं नव्हतं. नियम मोडला नाही, तर सराय चालवणारे ट्रस्टवाले काढणार कसे?

मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. "मी हे छापणार!"

"छापोगी तो हम पुराने हो जाएँगे," ती म्हणाली आणि माझा हात नातवाच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. झालं, स्मरणिकेत पुन्हा सुरळीच्या वड्या.

पुढे रस्ता रुंद करायला सराय पाडायचं ठरलं. जुन्या रहिवाशांना घरं मिळणार होती, पण जुनेपणाचा पुरावा हवा. कुणाकडे कपटाही नव्हता. म्हातारीला घेऊन मी महापालिकेच्या ऑफिसात गेले, तावातावानं सगळा इतिहास सांगितला.

"माताजी, लिखा हुआ कुछ लाइए," बाबू म्हणाला. मला माताजी!

घरं मिळाली नाहीत. पायऱ्या उतरताना म्हातारी माझीच समजूत घालत होती, "आपने तो ज़बान रखी, बहनजी."

त्याचाच तर संताप होतो अजून. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, ते नेमकं तेव्हाच कशाला ऐकायला गेले!