शिरवण्याचा तटस्थ कमळाकर

शिरवण्याचा कमळाकर जन्मात कधी कुणाच्या बाजूला गेला नाही. लहानपणी गावची पोरं कबड्डी खेळायची तेव्हा तो पंच. लग्नकार्यात वधूकडच्यांत अर्धा आणि वराकडच्यांत अर्धा जेवायचा. शेतं नव्या शहराच्या बांधकामाखाली गेल्यावर त्याला महाप्याच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली, तीही गेटवर. धड आत नाही, धड बाहेर नाही. नोकरी त्याला फार मानवली. आज सुकट करू की भाजी, असं बायको सगुणानं विचारलं की तो म्हणायचा, "दोनी चांगली हायत."

अशा माणसाच्या घरावर एक्याण्णव सालच्या जानेवारीत लढाई येऊन पडली.

किसन आणि धर्मराज हे त्याचे थोरले भाऊ, जुळे. तिघांनी उरल्यासुरल्या जागेवर मिळून चाळ बांधली होती. डाव्या टोकाला किसन, उजव्या टोकाला धर्मराज, मधे कमळाकर आणि बाकीच्या खोल्यांत भाडेकरू. सगळं ठीक चाललं होतं. मग पाटी रंगवायला पेंटर आला आणि त्यानं विचारलं, "पहिलं नाव कुणाचं?"

"थोरल्याचं," दोघं एकदम म्हणाले.

थोरला कोण, हे विचारायला दोघं म्हाताऱ्या आईकडे गेले. मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. "एकामागून एक आलाव," ती म्हणाली. "मी काय तवा मोजत बसले व्हते?"

त्या दिवसापासून किसन 'किसन-धर्मराज चाळ' अशी पाटी लावायचा आणि धर्मराज ती काढून 'धर्मराज-किसन चाळ' लावायचा. आठवड्याभरात वांगी उडायला लागली. डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे, आणि निम्मी दमून कमळाकरच्या पत्र्यावर. दोन्ही भाऊ त्याला अंगणात गाठून विचारायचे, "तू कोनाचा?"

शेजारच्या खोलीत मुख्तार नावाचा भाडेकरू राहायचा. उरणचा माणूस, महाप्यालाच स्टोअरकीपर. तेव्हा आखातात युद्ध पेटलं होतं आणि मुख्तार रोज पेपर मोठ्यानं वाचायचा. कमळाकरची दशा बघून तो म्हणाला, "कमळाकरभाऊ, टेन्शन कशाला घेता? तुमी स्वित्झर्लंड व्हा."

"ते काय असतं?"

"देश आहे. दोन महायुद्धं झाली, हा कुणाच्याच बाजूनं लढला नाही. चारी बाजूंनी मारामारी, हा मधे गप्प."

कमळाकरला गहिवरून आलं. आपल्यासारखा एक अख्खा देश आहे, हे त्याला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

"पन गप्प म्हंजे गरीब नाय हां," मुख्तार पुढे म्हणाला. "घराघरात बंदूक. दर वर्षी सराव. विमान चुकून हद्दीत उतरलं की अडकवून ठेवायचे. लढाई संपली की परत."

दुसऱ्या दिवशी कमळाकरनं दारापुढच्या अंगणाभोवती चुन्याची रेघ मारली. माळ्यावरून शेतीच्या वेळचा फवारणीचा पंप काढला. बंदूक नव्हतीच, म्हणून सगुणानं त्यात सुका जवळा धुतलेलं पाणी भरलं. ते तीन दिवस मुरलं. रोज सकाळी कमळाकर पंप पाठीवर घेऊन अंगणात चालायचा, मागे झाडू खांद्यावर टाकून सगुणा. भाडेकरू दात घासता घासता बघत उभे राहायचे. मुख्तार 'डावा-उजवा' म्हणायचा, पण कमळाकर कुठलाच पाय आधी टाकायला तयार नसायचा, त्यामुळे सराव बराचसा जागच्या जागीच व्हायचा.

गुरुवारी किसननं धर्मराजवर चप्पल भिरकावली. ती रेघेच्या आत पडली. कमळाकरनं ती उचलून खुंटीला टांगली. शुक्रवारी धर्मराजचा कोंबडा वांगी टिपत टिपत आत आला. त्याला टोपलीखाली ठेवला.

"माझा कोंबडा दे," धर्मराज रेघेपलीकडून म्हणाला.

"लढाई संपली का देतो."

"आन माझी चप्पल?" किसन दुसऱ्या बाजूनं म्हणाला.

"तुला बी तेच."

एका पायात चप्पल घालून किसन दोन दिवस हिंडला. रविवारी सकाळी तो धर्मराजच्या दारात गेला. महिन्याभरात पहिल्यांदाच दोघं एका खाटेवर बसले आणि त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की कमळाकर माजलाय. मग दोघं खांद्याला खांदा लावून रेघेकडे निघाले.

कमळाकरनं पंप पाठीवर चढवला. तो उंबऱ्यात उभा राहिला. "दादा, रेघ ओलांडू नका. मी कोनाच्या बाजूचा नाय, पन माज्या बाजूचा हाय."

दोघांनी एकदमच पाय आत टाकला. कमळाकरनं दांडा दाबला. न्याय असा, की एक फवारा किसनला, एक धर्मराजला, परत एक किसनला, एक धर्मराजला. पंप रिकामा होईपर्यंत त्यानं कुणाला थेंबभर कमी दिलं नाही.

वास थेट हमरस्त्यापर्यंत गेला. दोघांच्याही बायकांनी आतून कड्या घातल्या. आंघोळीला पाणी नाही, बसायला जागा नाही. शेवटी दोघं नाक मुरडत कमळाकरच्याच ओटीवर येऊन बसले. सगुणानं लांबूनच चहा सरकवला. वाटाघाटी तिथंच सुरू झाल्या आणि चार दिवस चालल्या. मुख्तार मधे बसून लिहून घ्यायचा. ठरलं ते असं, की पाटी दोन्ही बाजूंनी रंगवायची. चाळीत शिरताना किसन आधी, बाहेर पडताना धर्मराज आधी. पाहुणे गोंधळायचे, पण भाऊ खूश होते. चप्पल आणि कोंबडा परत गेले. कोंबडा जरा वजनदार होऊन.

गावात बातमी फिरली तशी भांडणारी माणसं कमळाकरच्या ओटीवर येऊन बसायला लागली. सासू-सुना, भागीदार, एकदा तर दोन भजनी मंडळं पेटीसकट. कमळाकर सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा, दोन्हीकडे सारखी.

चहा मात्र सगुणा करायची. एका संध्याकाळी अडतिसावा कप विसळताना ती म्हणाली, "पुढच्या लढाईत आपन कोनाच्या तरी बाजूला जाऊ. कोनाच्या बी. चा तरी करावा लागनार नाय."

कमळाकरनं विसळलेला कप पुसून ठेवला. "तुजं बी बरोबर हाय," तो म्हणाला.