बोटभर कमी

झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं.

"काका, हे कागदात मावत नाई आहे. मापात बसवून देऊ का?"

मी मोठ्या दिलदारपणे म्हणालो, "द्या न बसवून. त्यात काय विचारता?"

त्यांनी बसवलं. म्हणजे इंटरनेटवरून काढलेला गिटारचा पूर्ण मापाचा नकाशा कम्प्यूटरनं चारी बाजूंनी गुपचूप थोडाथोडा आवळला आणि नऊ कागदांवर छापून दिला. मी ते नऊ कागद चिकटपट्टीनं जोडले, नालवाडीच्या आमच्या घराच्या ओसरीत फरशीवर पसरले आणि बायकोला हाक मारून म्हणालो, "पाह्य, अगदी मापात." तीस वर्षं मी सरकारी कचेरीत कारकुनी केली आहे. छापील कागदावर आहे ते खरं, यापलीकडे माझं शिक्षण गेलेलं नाही.

खरं तर मी खिळा ठोकायला घेतला की आमच्या घरात आधी मलमपट्टी शोधून ठेवतात. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर इलेक्ट्रिक गिटार करायला बसला, तो दादासाठी.

दादा माझा मोठा भाऊ, सात वर्षांनी मोठा. आंजीला शेती बघायचा आणि गावच्या भजनी मंडळात गायचा. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला पहिलं पद त्यानंच उचलायचं, हे गावात ठरूनच गेलेलं. मी शाळेत होतो तेव्हा जत्रेत एक ऑर्केस्ट्रा आला होता. टेम्पोतून सामान उतरवताना त्यांची गिटार पडली. धडाचे तुकडे झाले, लांब दांडी तेवढी शाबूत राहिली. दादा ती दांडी मागून घरी घेऊन आला. गिटारवाल्याकडून एक धडाही घेऊन आला होता. दांडीवर एका जागी दोन ठिपके असतात, तो तारेचा बरोब्बर मध्य. वरच्या टोकापासून ठिपक्यांपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच ठिपक्यांपासून खाली घोडीपर्यंत. घोडी म्हणजे धडावरची ती पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. दादानं मला वीत लावून दाखवलं होतं.

"बाकीचं जमा करू, लहान्या," तो म्हणाला होता.

बाकीचं काही जमा झालं नाही. पस्तीस वर्षं ती दांडी आंजीच्या घरी मागच्या दाराला अडसर म्हणून होती, आणि आमच्या वहिनीच्या मते तसा अडसर दुसरा मिळाला नसता.

मग दादाच्या गळ्याला गाठ आली. तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोड म्हणून त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, मीही, बहुतेक वेळा त्याच्याच पुडीतला खर्रा तोंडात धरून. माझं काही झालं नाही. त्याचं स्वरयंत्रच डॉक्टरांनी काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. पुढे सहा आठवडे शहरातल्या दवाखान्यात किरणांचे शेक घ्यायचे होते. रोज आंजीहून ये-जा झेपणार नव्हती, म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. पिशवीत चार कपडे, एक शाळकरी पाटी आणि ती दांडी. पहिल्याच संध्याकाळी त्यानं पाटीवर लिहिलं, "गिटार कर. काकड्याचं पद ऐकाचं हाय."

मी म्हटलं, "दादा, मले वाजवता कुठी येते?"

त्यानं पुसलं, लिहिलं. "चार सूर काढ. पहिली ओळ. लय झालं."

आपला आवाज गेला, तर निदान ती ओळ कुठून तरी कानावर पडावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

मी कामाला लागलो. धडासाठी दादाच्याच मोडीत निघालेल्या बैलबंडीची सागवानी फळी आणली. तारांची थरथर पकडणारी चुंबकं आणि घोडी पार्सलनं मागवली. खुंट्या सहा हव्या होत्या, त्यातल्या चार एका जातीच्या मिळाल्या, दोन दुसऱ्या. आवाज कमी-जास्त करायचं बटण आमच्या बंद पडलेल्या रेडिओचं. बायको म्हणाली, "हे गिटार हाय का बारशाची गोधडी?"

दादा ओसरीत खुर्चीवर बसायचा आणि मी पटाशीनं फळी कोरत बसायचो. फळीचा एक कापून उरलेला तुकडा त्यानं मांडीवर घेतला होता. प्रत्येक गोष्ट पाटीवर लिहायचा कंटाळा यायचा, मग त्यानं त्या तुकड्यावर बोटाच्या सांध्यानं ठोकायला सुरुवात केली. एकदा ठोकलं की हो, दोनदा ठोकलं की नाही. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "दादा, पेज आणू का?" टक्. ती आणायची. टक् टक्. ती पातेल्यावर झाकण ठेवायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा विचारायची. गिळताना त्याला फार दुखायचं. चौथ्या आठवड्यापासून टक् टक् वाढलं. कधी ती पेजेला पेज म्हणायचीच नाही, "थोडं कोमट पाणी देऊ?" असं विचारून पेजच पातळ करून आणायची. दादाला ते कळायचं. तो घ्यायचा.

इकडे मी कागदावरून धड कापलं. दांडी बसवायला खाच केली, तर दांडी खाचेत जाईना. शहाण्या माणसानं इथे कागदावर शंका घेतली असती. मी दांडीवर घेतली. पस्तीस वर्षं अडसर होऊन फुगली असेल, असं म्हणत खाच तासून मोठी केली. मग कागदावरून घोडीची जागा पेन्सिलीनं आखली आणि शेजाऱ्याचं ड्रिल मशीन हातात घेतलं.

टक् टक्.

मी वळून पाहिलं. "काय झालं? पाणी पायजे?"

टक् टक्.

"आत जाऊन पडता का?"

टक् टक्. तो खुर्चीतून उठला. त्याच्या सदऱ्यात तेव्हा दोन दादा मावले असते. खाली बसला आणि दांडीवर वीत लावली. वरच्या टोकापासून दोन ठिपक्यांपर्यंत दीड वीत. ठिपक्यांपासून माझ्या पेन्सिलीच्या खुणेपर्यंत दीड वीत भरेना. त्यानं मला बोट दाखवलं, आडवं धरून. मग पाटी घेतली. "बोटभर कमी."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दादा, हे कम्प्यूटरमधून काढलेलं हाय. तुमच्या वितीचा भरोसा का कागदाचा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज असता तर त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि आंजीच्या बोलीत दिल्या असत्या. त्यानं फक्त बाहीनं पाटी पुसली आणि खुर्चीत जाऊन बसला. मी भोकं पाडली.

शेकांचा शेवटचा दिवस झाला त्या दुपारी गिटार उभी राहिली. कॉलनीतल्या भजन मंडळाचा स्पीकर आणला, वायर जोडली. मोकळ्या तारा मी पेटीवर जुळवून घेतल्या होत्या. पहिली तार छेडली आणि बंडीच्या फळीतून असा भरीव, लांब आवाज निघाला की बायको हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. दादानं डोळे मिटले.

टक्.

मग मी पदाच्या ओळीसाठी दांडीवरच्या पडद्यावर बोट दाबलं. सूर चढा निघाला. पुढचा त्याहून चढा. तिसऱ्याला बायकोनंच तोंड वाकडं केलं. मोकळी तार सुरात आणि बोट ठेवलं की बेसूर, असं ते यंत्र झालं होतं. दादानं डोळे उघडले, माझ्यासमोर हात केला आणि एक बोट आडवं धरलं. त्याचे खांदे हलायला लागले, गळ्यातल्या नळीतून फस्स् फस्स् हवा बाहेर पडली. बायको घाबरून म्हणाली, "दम लागला का त्याईले?" दम नव्हता लागला. दादा हसत होता. मीही हसलो. आमच्या दोघांचं ते एकत्र शेवटचं हसणं.

आंजीला परत जाताना त्यानं लिहिलं, "सुधर. मग ऐकतो."

"आठ दिवसांत, दादा. घेऊनच येतो."

काम होतं एका दुपारचं. जुनी भोकं बुजवायची, घोडी बोटभर खाली सरकवायची. पण मार्च अखेर आली, कचेरीत फायली आल्या. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं असं की दादा आंजीला गेल्यावर ओसरीतली ती रिकामी खुर्ची समोर ठेवून काम करायला बसवेना, आणि ड्रिल हातात घेतलं की "तुमच्या वितीचा भरोसा का" हे माझेच शब्द ऐकू यायचे. मी गिटार चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवली.

रविवारी आंजीला गेलो. दादा खाटेवर होता. त्यानं आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग दाराबाहेर, काही टेकवून ठेवलंय का म्हणून. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी." टक्. पुढच्या रविवारी त्यानं फक्त हातांकडे पाहिलं. तिसऱ्या रविवारी मी मोसंबी घेऊन गेलो, आणि त्यानं माझ्या हातांकडे पाहिलंच नाही. एवढंच झालं. परतीच्या एसटीत मी ठरवलं, उद्या करायचंच. उद्या सोमवार होता.

वैशाखात, एका बुधवारी सकाळी, वहिनीचा फोन आला.

तेरवीला गेलो तेव्हा वहिनी मागच्या दाराशी बसली होती. अडसराच्या जागी लोखंडी कडी लावलेली. ती म्हणाली, "भाऊजी, तशीच आणाची होती न. काऊन नाई आणली?"

मी म्हटलं, "सूर लागत नव्हता, वहिनी."

"त्याईले का सूर तपासाचे होते?" ती म्हणाली. "रोज मले पाटीवर लिहून दाखवत, लहान्या येऊन राह्यला का. मी म्हणो, येतीन. मी तरी का सांगू?"



परत आल्यावर दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कपाटामागून गिटार काढली. ते नऊ कागद घडी करून रद्दीत दिले. सागाचा भुसा आणि डिंक कालवून भोकं बुजवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी दांडीवर वीत ठेवली. माझी वीत दादाच्या वितीहून आखूड आहे, म्हणून क्षणभर थांबलो. मग लक्षात आलं, वीत कोणाचीही असो, अर्धं ते अर्धंच. ठिपक्यांपासून खाली तेवढंच मोजलं. खूण बोटभर खाली आली. जास्त नाही, कमी नाही, त्यानं आडवं धरलं होतं तेवढंच बोट.

घोडी बसवली, स्क्रू आवळले. घट्ट बसली का ते बघायला फळीवर बोटाच्या सांध्यानं ठोकलं. टक् टक्. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. माझं तिकडे लक्ष नव्हतं. तारा चढवल्या, जुळवल्या, आणि काकड्याच्या पदाची पहिली ओळ काढली. चारही सूर जागच्या जागी लागले. मी पुन्हा काढली. पुन्हा लागले. खुर्ची समोरच होती.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण ती कांद्याचं म्हणाली असती म्हणून मी विचारलं नाही.

"बरोबर हाय आता," ती म्हणाली. "वाजवा तुमी, पायजे तेवढं वाजवा. पण लाकडावर ठोकाचं असन त एकदाच ठोकत जा जी. दोनदा ठोकलं का मले वाटते, दादाले पेज नको हाय."