अँटेनासमोरचा तांब्या

आख्ख्या बीड जिल्ह्यात भांड्याकुंड्यांशी उभं वैर धरलेला माणूस एकच, आणि ते नेमके माझे साडू आहेत. वायफायवर चालणाऱ्या उपकरणांचे सर्किट बोर्ड तयार करणं हा त्यांचा धंदा. बोटाएवढ्या पट्टीवर तांब्याच्या रेघांची अशी रांगोळी काढतात की बघत राहावं. पण अँटेना मात्र अगदी कडेला, आणि तिच्या आसपास तांब्याचा कणही नाही. "पाव्हणं, हिला मोकळं लागतंय. कोंडली की बोलतच न्हाई," असं सांगताना त्यांचा चेहरा तान्ह्या लेकीबद्दल बोलल्यासारखा होतो. त्यांच्या घरी पाणी प्यायल्यावर पेला कुठे ठेवायचा हे विचारावं लागतं. राउटरच्या आड येतं म्हणून लोखंडी कपाट त्यांनी जिन्याखाली नेलं. तेव्हापासून मेव्हणी साडी काढायला चपला घालून जाते. एका लग्नात तर आहेराची स्टीलची पातेली राउटरसमोरून उचलून त्यांनी थेट नवरदेवाच्या मांडीवर ठेवली होती.

त्यांची माय लिंबागणेशला एकटी राहायची. बीडला यायला ती राजी नव्हती आणि मोबाइल उचलायचा तिला कंटाळा. शेवटी साडूंनी तिथे वायफाय घेतलं, लाइट गेली तर म्हणून बॅटरी जोडली आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, उजेड पडला की कळवणारी आपली एक डबी बसवली. सकाळी चहासाठी मायनं दिवा लावला की इकडे यांच्या मोबाइलवर घंटी वाजायची. डबीने कधी दगा दिला नाही. म्हणूनच खंडेनवमीच्या सकाळी ऊन वर आलं तरी घंटी वाजली नाही, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. "माजा बोर्ड गप बसत न्हाई, पाव्हणं," एवढंच म्हणाले. गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, आणि गाडी मी चालवली.

माय निवांत चहा पीत बसली होती. अवजारांच्या पूजेत तिने लेकाची डबीही धरली होती: हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि अँटेनाच्या अगदी तोंडाशी रात्रीच भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या. "तुजं अवजार न्हवं का ह्ये? मंग पुजायचं न्हाई व्हय?" तिने विचारलं. आता आभाळ फाटणार म्हणून मी दाराकडे सरकलो. पण साडू मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले. डबी वीतभर सरकवली असती तरी भागलं असतं. त्यांनी मात्र अँटेना दुसऱ्या कडेला नेलेला नवा बोर्ड करून आणला. मायचा तांब्या होता तिथेच राहिला.

माय आता नाही. घराला कुलूप असतं, पण डबी त्यांनी काढलेली नाही. खंडेनवमीला आम्ही दोघं जातो. साडू स्वतःच्या हाताने तांब्या भरून डबीसमोर ठेवतात आणि दिवा लावतात. खिशात मोबाइल वाजतो. "पोचतंय बगा, पाव्हणं," म्हणतात, आणि ती घंटी बंद करायला त्यांचा हात लवकर खिशात जात नाही.