गुंजनचे सात वार

एकोडीच्या निर्मलाबाईंचा देवावर जेवढा भरवसा होता तेवढा नवऱ्यावरही नव्हता, आणि नवऱ्याला, म्हणजे टेकचंदभाऊंना, त्याचं काही वाटत नसे. "देव तिचं ऐकते तरी. मी कुठं ऐकतो?" असं ते चारचौघांत हसत सांगायचे. लग्नाला चार वर्षं होऊनही कूस उजवली नव्हती, तेव्हा बाईंनी महादेवाचे सोमवार धरले आणि सचिन झाला. मग त्याच्या पाठीवर मुलगी हवी म्हणून दत्ताचे गुरुवार धरले आणि गुंजन झाली. एवढं झाल्यावर, उपासानं काही होत नाही असं बाईंना सांगायची कोणाची टाप होती? वाराच्या दिवशी त्या रिकाम्या पोटी भाताच्या बांधीतल्या चिखलात उतरायच्या, दिवसभर वाकून रोपांचा रोवणा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसांचं जेवायच्या. तब्येत एकदम खणखणीत.

गुंजन मात्र लहानपणापासून नाचरी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीत, कोणाच्या वरातीत, जिथं वाजेल तिथं ही पोरगी पुढे. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकाशिवाय मंडई म्हणजे मिठाशिवाय वरण. अशाच एका मंडईत लाखनीच्या नाटक कंपनीच्या कैलाश मास्तरांनी तिला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन बसले. टेकचंदभाऊ नको म्हणाले, सचिन नको म्हणाला, भावकी तर नाक मुरडायलाच बसली होती. होकार दिला तो निर्मलाबाईंनी. देवानं पायात दिलेली गोष्ट घरात कोंडून ठेवायची नसते, एवढंच त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

पहिलं वर्ष झकास गेलं. गुंजन लावणीला उभी राहिली की लोक खुर्च्या सोडून उठायचे. घोळ सुरू झाला तो दुसऱ्या वर्षीच्या तालमीत. नव्या नऊवारीवरचं ब्लाउज अंगात बसेना, तेव्हा मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "गुंजन, नाटकात हिरोईन एकच पाहिजे. तू तं दोघींची जागा घेऊन राहिली!" सगळे हसले, गुंजनही हसली. मास्तर मनानं वाईट नव्हते. वाईट माणसाचं बोलणं आपण झटकून तरी टाकतो. त्यात कोणीतरी तिच्या नाचाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं, ते तिनं घरात कोणाला वाचून दाखवलं नाही.

ती नुसती उदास होऊन बसली. निर्मलाबाईंना कारण कळलं नाही, पण औषध ठाऊक होतं.

"सोमवार धर बाई," त्या म्हणाल्या. "महादेव भोळा आहे. मनातलं होते."

गुंजननं सोमवार धरला आणि खरंच मनातलं झालं. ब्लाउज अंगात गेलं, मास्तर म्हणाले, "आता कशी पाखरासारखी दिसून राहिली!" मग तिनं गुरुवार धरला. मग शुक्रवार, शनिवार आणि मंगळवार. बुधवारासाठी देव शोधावा लागला तर विठोबा सापडला. रविवार सूर्याला दिला. आठवड्यात वार सातच असतात म्हणून बरं. सकाळी चहा, दुपारी चहा, सूर्य बुडाल्यावर चार घास आणि तेही कधी कधी 'आज निरंकार आहे' म्हणून राहून जायचे.

दुसऱ्या एखाद्या मुलखात लोकांनी विचारलं असतं, बाई, तुला झालंय तरी काय? आमच्याकडे लोक पाया पडले. मंडईच्या गावात कलाकारांना घरोघरी जेवायला नेतात. मोठ्या कलाकाराचं ताट आपल्या घरी पडावं म्हणून भांडणं होतात. गुंजनला घरी नेणाऱ्या बाया ताटातल्या वड्यांकडे आणि तिच्या हात जोडण्याकडे बघायच्या आणि विरघळून जायच्या. नाचणारी असून सात वार धरते! लेकरं तिच्या पायावर घालायच्या. ही कीर्ती फिरत फिरत एकोडीला आली तेव्हा निर्मलाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. ज्या भावकीनं नाक मुरडलं होतं तीच आता म्हणत होती, "निर्मलाबाई, लेक आईवर गेली." या एका वाक्यासाठी बाई किती वर्षं झुरल्या होत्या!

एका माणसाला तेवढं खरं काय ते दिसलं. कंपनीत चंद्रकला नावाच्या वयस्क बाई होत्या, एके काळच्या नाचणाऱ्या, आता आईच्या भूमिका करायच्या. साकोलीच्या बाजारात निर्मलाबाई भेटल्या तशी त्यांनी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, पोरगी काही खाऊन नाही राहिली."

"उपास आहे तिचा. आज शुक्रवार."

"अन् काल?"

"काल गुरुवार नव्हता का?"

"अन् उद्या? ताई, नाचणारीचे पाय पोटावर चालते. मी पोटभर जेवून, दोन घंटे थांबून स्टेजवर जात होती. ही पडद्यामागं भिंत धरून उभी राहते. हात पाहा तिचे, बर्फासारखे थंड लागते."

"देवाचं करते पोरगी, तं तुमच्या पोटात काहून दुखते?" निर्मलाबाई ताडकन बोलल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या. उतार लागलेल्या नाचणारीला चढतीच्या पोरीचं बघवत नाही, असा त्यांनी अर्थ काढला. माणसाला हवा तो अर्थ काढायला कितीसा वेळ लागतो?

याहून मोठी चूक पुढेच होती. गुंजनची पाळी थांबली. पाळी आली की त्या घरात बाई देवाला शिवत नसे आणि तेवढे वार चुकायचे. महिने गेले, गुंजनचा एकही वार चुकला नाही. निर्मलाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. आईच्या लक्षात येणार नाही असं होतं का? पण त्या घाबरल्या नाहीत, त्यांनी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं. पोरीच्या वारात खंड पडू नये म्हणून देवानंच सोय केली, असं त्यांना वाटलं. हे लिहितानाही जीव तुटतो, पण त्यांना अगदी मनापासून तसंच वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी लाखनीच्या हॉलमध्ये भर दुपारी तालीम चालू असताना गुंजनचा पाय मोडला. ती पडली नाही, घसरली नाही. नेहमीसारखी ताल धरून टाच आपटली आणि पायातलं हाड काडीसारखं गेलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, रक्त तपासलं, गुंजनला बाहेर बसवलं आणि आई-बापाला आत बोलावलं.

"पोरगी चोवीस वर्षांची आहे आणि हाडं म्हातारीची झालीत," त्या म्हणाल्या. "हृदयाचे ठोके मंद पडलेत. पाळी किती दिवसांपासून बंद आहे?"

निर्मलाबाईंनी ते कसंबसं सांगितलं आणि घाईघाईनं जोडलं, "पण मी बी जन्मभर उपाशी पोटी रोवणं केलं ना बाई. मले कुठं काय झालं?"

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही सोमवारी उपाशी राहून मंगळवारी जेवत होत्या ना, काकू? हिचा मंगळवार कधी आलाच नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. नाचणाऱ्या शरीराला शेतात राबणाऱ्याइतकंच अन्न लागतं. तीन वेळा जेवण, मध्ये थोडं थोडं खाणं, वरण, दूध, अंडं, शेंगदाणे. कुठल्याच पदार्थाला वैरी ठरवायचं नाही. तिच्या ताटावर पहारा करायचा नाही, बारीक दिसते म्हणून वाखाणायचं नाही आणि भरली म्हणून चिडवायचंही नाही. आणि हे दुखणं एकट्या पोटाचं नाही, मनाचंही आहे, तेव्हा नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे न्याच. एवढं शेवटचं सोडून बाकी सगळं निर्मलाबाईंनी पदरात बांधलं. आपली पोरगी काही येडी नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि नागपूर राहून गेलं.

पण ताट वाढलं की गुंजन म्हणे, "वार कसा मोडू, आई? तूच सांगत होती ना, वार मोडला का घरावर येते." आणि खरंच, लेकरांना तसं बाईंनीच शिकवलं होतं. सचिन वरठीच्या कारखान्यात कामाला. सुटीला मोटरसायकलवर घरी यायचा, तो सगळा हायवे ट्रकांनी भरलेला. वार मोडायचा म्हटलं की निर्मलाबाईंच्या डोळ्यांसमोर तो रस्ता यायचा. यावर देवाच्या घरी एकच वाट होती, ती म्हणजे उद्यापन. ते केलं की वार मोडत नाही, पुरा होतो आणि वार धरणारीला जेवावंच लागतं. साती वारांचं एकदम उद्यापन करायला भटजी आधी का-कू करत होते, मग तयार झाले. अंगणात पंगत बसली. सगळं गाव जेवून उठल्यावर प्लास्टरचा पाय लांब करून बसलेल्या गुंजनपुढे पान आलं. तिनं पुरी मोडली, खिरीत बुडवली आणि खाल्ली. मग आणखी एक घास घेतला. निर्मलाबाई खांबाला धरून सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडल्या आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतरचे महिने बरे गेले. गुंजन थोडं थोडं खायची. चतकोर पोळी, वाटीभर वरण, कधी अर्धं अंडं. भात बाजूला सारायची, पण 'मागून घेते' म्हणायची आणि बाई मान डोलवायच्या. गालावर जरा रंग आला, एकदा पाळीही आली. प्लास्टर निघालं, पाय जमिनीला लागला, आणि तालमीचे दिवस जवळ आले तसा मास्तरांचा फोन आला.

"पाय बरा झाला म्हणते! ये मंग, तुझ्याशिवाय लावणी नाही. पहिल्यासारखीच ये, हो."

मास्तर पायाबद्दल बोलत होते. गुंजननं काय ऐकलं, ते सोमवारी सकाळी कळलं. ती आंघोळ करून, केस बांधून चुलीजवळ आली आणि म्हणाली, "आई, माझं ताट नको करू."

"काहून? उद्यापन झालं ना बाई."

"पाय जुळला तं साती वार पुन्हा धरीन, असं बोलली होती मी देवाले. नवस आहे तो."

निर्मलाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. वाराचं उद्यापन होतं, नवसाचं काय करणार? नवस फेडावाच लागतो. त्यांनी स्वतः जन्मभर एकही नवस बुडवला नव्हता. पुन्हा तोच हायवे डोळ्यांसमोर आला, तेच ट्रक, सचिनची मोटरसायकल. आणि समोर ही पोरगी, गळ्याची हाडं वर आलेली. कोणत्या लेकराकडे पाहावं?

मग त्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि एकेक देव उचलू लागल्या. महादेवाची पिंड, दत्ताची तसबीर, लग्नात माहेराहून आणलेली पितळेची अन्नपूर्णा. सगळे देव एका जुन्या लुगड्यात बांधले आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

"आता घरात देव नाही," त्या म्हणाल्या. "नवस मी बुडवला, तू नाही. जे यायचं ते माह्यावर येईन." सचिनचं नाव मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी ताट वाढलं, गरम भात, त्यावर वरण, आणि गुंजनपुढे ठेवलं. "खाय आता. आता तुले कोणी पाहणारा नाही."

गुंजन पेटीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"कायले उचलले देव? त्यायचा काही दोष नव्हता, आई. देवाचं नाव घेतलं का कोणी आग्रह करत नव्हतं. बस, तेवढ्यासाठी घेत होती मी."

"तं मंग खाय ना बाई. एक घास."

गुंजननं हात पुढे केला. तिला आईसाठी खायचंच होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोटं भाताला लागली आणि तिथेच थांबली. मग तिनं ती पदराला पुसली.

"मले भेव लागते, आई."

"कायचं भेव?"

"भाताचं."

ताटातला भात त्यांच्याच बांधीतला होता, निर्मलाबाईंनी स्वतः वाकून रोवलेला. सवयीनं त्या देव्हाऱ्याकडे वळल्या, हात जोडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिथं कोणी नाही.