चादर सपाट होत नाही

दामोदर मास्तर गेले, त्याला आता दीड महिना होईल. त्यांना घरातून उचलून नेणाऱ्या चौघांत मी होतो, म्हणून शाळेच्या अंकासाठी हे लिहिणं माझ्याकडे आलं. लिहिल्यावर हलकं वाटेल असं लोक म्हणतात... मला तसं वाटत नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, आपल्याच शाळेत मास्तरांच्या हाताखाली शिकवू लागलो, ते केवळ त्यांच्यामुळे. आम्ही शिकत होतो तेव्हा शाळेत प्रयोगाचं सामान असं नव्हतंच. म्हणून बलाचा धडा आला तेव्हा त्यांनी विणकराच्या घरच्या नरसय्याला चादर आणायला सांगितली. मधोमध वरवंटा ठेवला आणि चार कोपरे माझ्यासह चौघांच्या हाती दिले. "आता ओढून अगदी सपाट करा. झोळ नको." मंद्रूपचा भीमा वर्गात सगळ्यांत दांडगा. "ह्यात काय हाय मास्तर? आत्ता करतो की!" त्याचा चेहरा लाल झाला, पण झोळ काही जाईना. नरसय्या ओरडला, "अय्यो, हळू रे! फाटली तर आई मला घरात घेणार नाही." मास्तर मनापासून हसले. "भीमा, गावाकडचे बैल जुंपलेस तरी होणार नाही." मग फळ्यावर बाण काढून त्यांनी समजावलं. वजन सरळ खाली ओढतं. आपली ओढ जितकी आडवी, तितकी ती उचलायच्या कामी कमी येते. झोळ पडू दिला की तेच वजन थोड्या जोरात पेलतं. पुस्तकातलं गणित मला त्या दिवशी पहिल्यांदा तळहातांत कळलं.

मास्तर गेले त्या सकाळी त्यांच्या पोटात असह्य कळ उठली. टांगा बोळात शिरेना. भीमा, नरसय्या, एक शेजारी आणि मी, आम्ही त्यांना चादरीवर घेतलं. अंग दुमडलं की ते कळवळत, म्हणून आम्ही जिवाच्या आकांतानं चादर ताणून धरली. अर्ध्या बोळात बोटं सुटायला आली.

"ताणू नका रे... झोळ पडू द्या," मास्तर म्हणाले.

"तुमाला लई दुखंल, मास्तर," भीमा रडवेला झाला होता.

"पडण्यापेक्षा बरं."

आम्ही सैल धरलं. हातांना लगेच आराम पडला, आणि त्यांचं अंग मधोमध दुमडलं. त्यांनी दात आवळले. टांग्यापर्यंत आम्ही पोचलो. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मास्तरांचा हात हळूच खाली ठेवला.

मी पुन्हा पुन्हा तेच मांडून पाहतो. ताणावं तर हात सुटतात, सोडावं तर ते दुमडतात. तिसरा मार्ग असता तर त्यांनीच सांगितला असता.

आता त्यांचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तोच धडा आला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मास्तर, थोरले मास्तर ह्या धड्याला चादर आणायला लावायचे म्हनं. उद्या आमी आणू का?"

मी फळ्याकडे वळलो, बाण काढले आणि म्हणालो, "उतरवून घ्या."